तंबूला पाणी पाजल्याची गोष्ट

इचोड्याच्या हमरस्त्यावर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणारा उत्तमराव मला तीस वर्षांपासून ओळखतो आणि तरीही रोज चहाला बोलावतो. माणूस किती सोशिक आहे ते यावरूनच समजून घ्या. त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून मी निम्म्या गावाच्या सोयरिकी जुळवल्या आणि उरलेल्या निम्म्याची बदनामी केली, पण त्यानं कधी मान वर केली नाही. मांडीवर जाड सुती कापड, हातात दाभण, दोऱ्याला मेण लावायचं आणि शिवत राहायचं. ड्रायव्हर विचारतो, "चाचा, पानी तो नहीं जाएगा?" उत्तमराव म्हणतो, "तू जाएगा, पानी नहीं जाएगा." दिवसभराचं त्याचं बोलणं तेवढंच.

अशा माणसाला एकच दुखणं होतं आणि ते सहा वर्षांचं होतं. त्याची नात, अपूर्वा.

लेक मीनल आदिलाबादला दिली. सासरे शरदचंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. घरात पुस्तकं, भिंतीवर घड्याळ, आणि घड्याळावर चारुशीलाबाईंची नजर. काटासुद्धा त्यांना विचारून पुढे सरकतो, असं मी म्हणतो आणि मीनल तोंडाला पदर लावते. अपूर्वाला छातीत घरघर होते. दोन वर्षांपूर्वी ती इचोड्याला आजोळी राहायला आली, नेमका त्याच रात्री दम लागला, आणि चारुशीलाबाईंचं फर्मान निघालं: पोर दिवसा कुठेही जाईल, रात्री माझ्या डोळ्यांसमोर झोपेल. तेव्हापासून नात सकाळी यायची, संध्याकाळच्या बसनं जायची. बस गेली की उत्तमराव त्या दिवशी परत दाभण हातात घेत नसे. मी दोन-तीनदा चिडवून पाहिलं. मग सोडून दिलं, त्यात मजा येत नव्हती.

यंदा जानेवारीत शरदचंद्रांच्या मनात आलं. दरवर्षी आम्ही तलमडुगूला, सोनाबाईच्या म्हणजे उत्तमरावाच्या बायकोच्या माहेरच्या शेतात, हुरडा खायला जातो. "या वेळी तिथेच मुक्काम करू," ते म्हणाले, "तंबू ठोकून. हल्ली सगळी कुटुंबं जातात." आणि नायलॉनचा तंबू घेऊनही आले. उशीएवढ्या पिशवीत मावणारा, निळा, चेनांच्या खिडक्यांचा.

उत्तमरावानं तो दोन बोटांत चोळून पाहिला. "व्याहीबुवा, पोरीले छत्रीत झोपवता का? हे कापड श्वास घेत नाई. मी सुती शिवतो."

"सुती म्हणजे दोन माणसांनी उचलायचं ओझं. भिजला तर तीन दिवस वाळत नाही, आणि ओला गुंडाळला तर बुरशी."

"अन् तुमच्यात माणूस उकडून निघन, त्याचं का?"

चारुशीलाबाईंनी दोघांनाही गप्प केलं. त्यांचा निकाल: रविवारी दोन्ही तंबू आमच्या अंगणात उभे करा, वरून पाणी सोडा, ज्यात थेंब पडणार नाही त्यात अपूर्वा झोपेल. संपलं.

उत्तमराव दहा दिवस ट्रकवाल्यांना "बाद में आना" सांगत होता. मला म्हणाला, "पोरगी एक रात्र माझ्या कापडाखाली नीट झोपली ना, तं विहीणबाईले माझ्या घराचंही भेव राहणार नाई." इतकं लांबलचक वाक्य मी त्याच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

रविवारी मी पंच म्हणून गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पंचाला कुठं कोण बोलावतं! शरदचंद्रांनी बागेची नळी धरली. निळ्या तंबूवरून पाणी घसरून गेलं, आत टिपूस नाही. मग सुती तंबू. चारुशीलाबाई स्वतः आत जाऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ सगळं ठीक. मग शिवणीत, दाभणाच्या एकेका भोकातून, पाण्याचा एकेक मणी फुटला. पहिला थेंब थेट विहीणबाईंच्या चष्म्यावर.

उत्तमरावाचं तोंड मी पाहिलं नाही. पाहवलं नाही.

चूक काय झाली ते त्याला तिथंच समजलं. नवं सुती कापड आधी भिजवून वाळवावं लागतं. पाणी प्यालं की सूत फुगतं आणि शिवणीची भोकं बुजतात. आता तीस वर्षं ताडपत्र्या शिवणाऱ्याला हे ठाऊक नसावं का? ठाऊक होतं हो, पण करायची वेळच कधी आली नव्हती. ताडपत्री शिवली की ड्रायव्हर घेऊन जायचा, रस्त्यात कुठेतरी तिला पाणी मिळायचं, आणि खालची सिमेंटची पोती थोडी ओली झाली तर ती तक्रार करायला इचोड्याला परत येत नसत.

"नवं कापड हाय, विहीणबाई. एक डाव पाणी प्यालं की..."

"मग पाजून आणायचं होतं," चष्मा पुसत त्या म्हणाल्या.

निळा तंबू ठरला. सुती तंबू भांडीकुंडी आणि आम्हा म्हाताऱ्यांसाठी. उत्तमराव तो घरी घेऊन आला, आणि पुढचे पंधरा दिवस त्याच्या परसात तो तंबू कधी टिपटिपत होता, कधी वाळत होता. "आता काऊन भिजवून राह्यला?" मी विचारलं. "भांडे भिजू नये म्हणून," म्हणाला. तीन वेळा भिजवला. भांड्यांची एवढी काळजी त्याला कधीपासून, हे मी विचारलं नाही.

तलमडुगूला हुरडा झाला, गप्पा झाल्या, अपूर्वा तोंड काळं होईपर्यंत भाजलेली कणसं खात राहिली. थंडी अशी की दात आपोआप बोलत होते. पोरीला वारा लागू नये म्हणून शरदचंद्रांनी निळ्या तंबूची एकूणएक चेन ओढली, खिडक्या बंद, वरचा झरोकासुद्धा बंद. आत ते दोघं, मीनल आणि अपूर्वा अशी चौघं झोपली. शेजारच्या सुती तंबूत उत्तमराव, सोनाबाई, मी, पातेली आणि कडब्याच्या चार पेंढ्या.

पहाटे खोकला ऐकू आला. मी डोळे उघडले तोवर उत्तमराव बाहेर पोचला होता. निळ्या तंबूची चेन उघडली तर आत भिंतींवरून पाणी ओघळत होतं. बाहेर पावसाचा थेंब नाही, आणि आत चार जणांचा रात्रभराचा श्वास पाणी होऊन पांघरुणावर पडलेला. पोरगी ओली, गार, छातीत शिट्टी.

"नळीनं एक थेंब गेला नव्हता!" शरदचंद्र म्हणाले.

"आता एक थेंब बाहेर जात नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या. औषधाचा पंप त्यांच्या हातात तयार होता. "उत्तमराव, तुमचा कोरडा आहे?"

"हाय."

"मग ते कडब्याचे भारे आधी बाहेर काढा. तिला धूळ चालत नाही."

कडबा बाहेर निघाला आणि त्याच्याबरोबर मीही. दाराशी घोंगडी पांघरून बसलो. पोरीनं पंप घेतला, कपडे बदलले, सोनाबाईच्या मांडीवर डोकं टेकलं. शिट्टी जरा उतरली. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, वर टप्प झालं. मग टप्प टप्प. जानेवारीत अवकाळी! मी आणि शरदचंद्र दारातून आत सरकलो.

उत्तमराव पुढे सरकला. बरोबर मधल्या शिवणीखाली, नातीच्या तोंडावर तळहात धरून उकिडवा बसला. थेंब पडला तर आपल्या हातावर पडावा. इथं जर पोरगी परत भिजली असती, तर इचोड्याला दिवसासुद्धा आली नसती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि समोर बसलेल्या बाईला तर सगळ्यात जास्त.

चारुशीलाबाई उंच. बघायला उठल्या तसा त्यांचा अंबाडा छताकडे चालला.

"विहीणबाई! अंबाडा खाली घ्या!"

"काय म्हणालात?"

"भिजल्या कापडाले आतून हात लागला की तिथंच गळते. डोक्शाचंही तसंच हाय. बसा म्हणतो ना!"

चारुशीलाबाईंना "बसा" म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याहून नवल म्हणजे त्या बसल्या.

पाऊस अर्धा तास तरी झाला असेल. कापड बाहेरून गडद झालं, जड झालं, पण शिवण कोरडीच. तरी उत्तमरावाचा हात तसाच वर होता; शेवटी सोनाबाईनं तो धरून खाली ठेवला. "अवो, झोपली ती. आयका."

ऐकलं. पोरगी घोरत होती. शिट्टी नाही, घरघर नाही, खाऊन-पिऊन सुखी माणूस घोरतो तसं स्वच्छ घोरणं. आम्ही सगळे म्हातारे ते ऐकत बसलो, कुणाला हलावंसं वाटेना. शरदचंद्रांनी हळूच माझी अर्धी घोंगडी ओढून घेतली, तरी मी भांडलो नाही.

साडेआठला ती उठली आणि उत्तमरावाला पहिलं वाक्य म्हणाली, "आबाजी, भूक लागली."

चारुशीलाबाईंनी तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला. मग मीनलला म्हणाल्या, "हिचे दोन फ्रॉक आणि पंप वेगळ्या पिशवीत भर. सोमवारपर्यंत इचोड्याला राहील."

मीनल सासूकडे बघत राहिली.

"रात्री केळं द्यायचं नाही," चारुशीलाबाई सुरू झाल्या. "दूध कोमट. पंप घेतला की चूळ भरायची. उशी कापसाची नको, धूळ धरते. खिडकी थोडी उघडी, पण वारा तोंडावर नको. आणि ती गोष्ट सांगा म्हणेल, एकच सांगायची."

"विहीणबाई, कागदावर लेहून द्या," सोनाबाई म्हणाली. "यायले सांगतलेलं काहीच ध्यानात राहत नाई. परवा मीठ आणाले धाडलं तं दोरा घेऊन आले."

"राहते," उत्तमराव म्हणाला, आणि घसा खाकरून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा, केळ्यापासून गोष्टीपर्यंत सगळं ओळीनं म्हणून दाखवलं.