गणिताला चार फेऱ्या

आमच्या शाळेच्या शिपाईमामांना घाई ठाऊक नाही. घराला आग लागली तरी ते आधी चपला सरळ करतील. परीक्षा जवळ आली की प्रत्येक बाक हलवून बघतात आणि डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतात.

यंदा गणिताचा निकाल असा आपटला की हेडसरांनी कारणं शोधायला समिती नेमली. चित्रकलेच्या मास्तरला काम नसतं असा सगळ्यांचा समज, म्हणून मीही तीत. दोन आठवडे आम्ही पोरांची झोप, नाश्ता, मोबाइल, घरातली भांडणं असे रकाने भरले. शेवटी खापर फुटलं ते गणिताच्या बाईंच्या डोक्यावर. बारा वर्षं शिकवलेला वरचा वर्ग त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलं.

चहा घेऊन आलेले मामा ट्रे धरून तिथंच घुटमळले.

"बाईंचं काही चुकलं नाही, सर. चुकलं असेल तर माझं."

मामांनी वीस वर्षं हाताने टोल दिला. विजेची घंटा बसली ती यंदा. तोवर पेपरची वेळ संपली की मामा टोल देण्याआधी व्हरांड्यातून एक फेरी मारत. खिडकीतून एखादं पोर अजून लिहिताना दिसलं की आणखी एक. हे आम्हाला आत्ता कळत होतं.

"गणिताला किती फेऱ्या?" मी विचारलं.

"चार. दहा मिनिटं जायचीच. भूगोलाला एक पुरे."

तेव्हा आम्ही वर्गात काय करत होतो, ते विचारू नका. टोल पडला की पेपर ओढायचे, मनगटावरचं घड्याळ शोभेला. मला हसू आवरेना. मामा मात्र चहा द्यायचाही विसरले होते. निवृत्तीला सातच महिने उरले होते त्यांच्या.

हे अहवालात लिहावं तर वीस वर्षांच्या निकालांवर पाणी, हेडसरांच्या भाषणांसकट. ते घसा खाकरून म्हणाले, "ठोस कारण सापडलं नाही. वर्ग बाईंकडेच राहील. आणि मामा, तुम्ही काही बोलला नाहीत."

मी धावत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्या मामांचे पाय धरतील.

"म्हणजे बारा वर्षं माझा निकाल व्हरांड्यात लागत होता?" एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून बाई मामांशी बोलत नाहीत. ते समोरून आले तर जिना बदलतात. मला वाईट वाटतं, मामांना तसं सांगितलंही.

"बोलतील हो," मामा म्हणाले. "एकेकाला वेळ लागतो."