घोरणाऱ्या नाकांचं माप

कवळी घासली की टेबलाखाली भुगा साठतो. किस्सेही तसेच साठतात. रोज झाडलं तर मूठभर, अन् आठ दिवस हात लावला नाही तर पाय घसरायची पाळी. आखाडा बाळापूरच्या आमच्या शेडमधे गेल्या दिवाळीपासून इतके साठलेत की म्हटलं, झाडून टाकण्याआधी लिहून तरी काढावेत.

मी दातांच्या कवळ्या करते. मला कुणी शिकवलं नाही. हिंगोलीला एका दातांच्या दवाखान्यात वाट्या धुवायला होते, धुता धुता बघितलं, बघता बघता जमलं. पहिली कवळी सासूला करून दिली. ती घातल्या घातल्या सासूनं मला शिवी दिली अन् तिचा एकेक शब्द स्पष्ट ऐकू आला. तेव्हाच कळलं, हात बसला.

माझ्या जोडीला रुक्मा आहे, शेजारच्या बंजारा तांड्यावरची. कडा घासून गुळगुळीत करायचं काम तिचं. तिची पोरगी पायल परभणीला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकते. शिकते म्हणजे, दिवाळीपर्यंत शिकत होती.

* * *

सुट्टीला येणारी पोरगी पिशवी आणते. पायल लोखंडी पेटी घेऊन उतरली.

"काहून गं? सगळंच आणलंस?" मी विचारलं.

"मी घोरते, मावशी."

खोलीतल्या तिघींनी तक्रार केली होती. एक तर फारच तावातावानं. शेवटी पायलची कॉट उचलून व्हरांड्यात, स्टोअरच्या दाराशी टाकली. येणारी-जाणारी प्रत्येक पोरगी बघून हसायची. कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं, महिन्याच्या आत परत आली नाही तर नाव कमी होईल.

नाक मोकळं ठेवणारी एक तयार नळी तिनं दुकानातून आणली होती. दोन छोट्या नळ्या, मधे बारीक पूल. नाकपुड्या आतून उघड्या धरायच्या. पण ती इतकी टोचायची की झोपेतच हात जायचा अन् सकाळी अंथरुणात सापडायची.

रुक्मा म्हणाली, "न्हाई जात तर न्हाई. लगीन करून टाकू तिचं."

"अन् मग जावयाची कॉट व्हरांड्यात टाकशील का?" मी म्हणाले. "ठेव ती पेटी इथंच. टोचणार नाही अशी नळी मी करते."

* * *

बोलून बसले खरी. मला येत होतं ते एकच काम, कवळी. म्हणून नळीही कवळीच्याच मालाची केली, कडक अन् गुलाबी. माप स्वतःच्या नाकाचं घेतलं. घालून आरशापुढं उभी राहिले.

रुक्मानं पुढून, बाजूनं वाकून बघितलं. "आक्का, तुमच्या नाकाला हिरडी फुटली."

मी तिला झापणार, तेवढ्यात शिंक आली. नळी सुटली ती सरळ जेवणाच्या डब्यातल्या पिठल्यात.

पण त्या शिंकेनं मला शिकवलं. कवळीला जबडा घट्ट धरून बसावं लागतं. नाकाला धरलेलं चालत नाही, नाक लगेच भांडतं. दुसऱ्याच दिवशी शरीराला चालेल असा मऊ सिलिकॉन मागवला.

* * *

मऊ केली तरी पायल म्हणे, "टोचत न्हाई, पण खाजवते." तीन नळ्या झाल्या, तिन्ही अंथरुणात सापडल्या.

त्या दिवसांत माझ्या ओळखीतले एक इंजिनिअर आले होते. लॅपटॉप उघडून त्यांनी नाकाचं चित्र फिरवून दाखवलं. इकडून, तिकडून, खालून. मला सगळं समजलं, फक्त खाजवतं काहून ते समजलं नाही.

रुक्मा मागून म्हणाली, "कड उघडी हाय. भरतकामात आरसा लावताना आमी त्याच्या कडंला धाग्याची गोल भिंत घालतो, मंग तो अंगाला लागत न्हाई. नळीचं तोंड बी तसंच आत वळवा न."

इंजिनिअर साहेब वहीत लिहून घेत म्हणाले, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

"घागऱ्यावर."

* * *

नुसत्या पायलच्या नाकावर भागेना. मला नाकं पाहिजे होती, जाड, बारीक, वाकडी. आठवडी बाजारात सांगून ठेवलं, घोरत असाल तर शेडवर या. एकही आला नाही. आमच्याकडं घोरतो तो नेहमी शेजारचा!

शेवटी डोंगरकडा गावचे एक केळीवाले आले, म्हणजे त्यांची बायको त्यांना घेऊन आली. मिशा इतक्या भारी की नाकपुडी शोधायला मला बॅटरी लावावी लागली. नळी बघून ते मागं सरकले. "नाकात बाया घालतात. आमच्या घरात गड्यानं नाकात घातलेलं न्हाई अजून."

बायको शांतपणे म्हणाली, "मंग मी आजपासून चमकी काढून ठेवते. घरात एकानं घातलं म्हंजी झालं."

त्यांनी माप दिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, दिसणार न्हाई अशी होईल का?" म्हणून आमच्या नळीचा पूल आता पारदर्शक असतो. मिशांखाली तर देवालाही दिसणार नाही.

* * *

पण सगळ्यांनाच मी नळी देत नाही. औंढा नागनाथला नारळ-फुलांचं दुकान असलेला एकजण आला. बायको सांगत होती, "घोरता घोरता एकदम बंदच पडतात. श्वासच न्हाई. मंग दचकून उठतात." हे ती सांगत होती अन् तो माझ्यासमोर खुर्चीत बसल्या बसल्या झोपला.

मी मापाची वाटी खाली ठेवली. "हे माझ्या नळीचं काम नाही. उद्याच्या उद्या नांदेडला, नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं."

तो जागा होऊन चिडला. "एवढ्या लांबून आलो अन् तुमी हाकलून राहिल्या?"

"हो, हाकलून राहिले. तू आधी जगशील, मग भांडशील."

दीड-दोन आठवड्यांनी परत आला. तपासणी झाली होती, रात्री लावायला श्वासाचं मशीन मिळालं होतं, डोळे स्वच्छ झाले होते. म्हणाला, "डॉक्टर विचारत व्हते, तुमाला इथं कोणत्या डॉक्टरनं पाठवलं. मी सांगितलं, बाळापूरच्या सातवी नापास डॉक्टरनं."

मी सातवी पास आहे. हे त्याला, त्यानं आणलेला नारळ हातात घ्यायच्या आधी सांगितलं.

* * *

त्या माणसानं माझे डोळे उघडले. पायललाही आधी नांदेडला नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. श्वास अडत नव्हता, नाकपुड्या अरुंद होत्या, एवढंच. म्हणाले, मऊ नळी वापरून बघायला हरकत नाही.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. नवी नळी तयार झाली, पायलच्या मापाची, कड आत वळवलेली. दुपारी भाकरी-ठेचा खाऊन ती शेडमधल्याच बाजेवर नळी घालून आडवी झाली. मी नि रुक्मा दोघी बाजूला बसून राहिलो. पंख्याचा आवाज येत होता. बाजेवरून काही नाही.

रुक्मानं दोनदा तिच्या नाकापुढं बोट धरून बघितलं.

तासाभरानं पायल उठली अन् उशीखाली, गोधडीखाली हात घालून शोधायला लागली. रडवेली झाली होती. "गेली, मावशी. ही बी पडली. कुठं सापडून न्हाई राहिली."

नळी नाकातच होती.

* * *

पेटी परत परभणीला गेली. जाताना पायलनं माप घ्यायची पेस्ट एका डबीत मागून घेतली. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, असू द्या.

आठव्या दिवशी होस्टेलच्या मॅडमचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"तुमच्या पायलमुळं खोलीत भांडणं लागलीत."

रुक्माच्या हातातली कानस थांबली. 

मी म्हणाले, "मॅडम, सरळ सांगा. पोरगी घोरते का अजून?"

"नाही ना. तीच तर अडचण आहे. ती नव्हती तेव्हा येणारा आवाज पोरी शेजारच्या खोलीवर ढकलायच्या. आता हिचाच समजून उठून बघितलं तर ही गप्प, घोरते ती दुसरीच. जिनं हिची कॉट बाहेर काढायला लावली होती, तीच."

रुक्मानं पदर तोंडावर दाबला. हसत होती का रडत होती, मी बघितलं नाही.

"मग आता तिची कॉट कुठं टाकली?" मी विचारलं.

"बाकीच्या निघाल्याच होत्या उचलायला. पायलनं अडवलं. म्हणाली, व्हरांड्यात कुणी जायचं नाही, मी माप घेते, मावशी करून देतील. माप आज कुरियरनं येईल तुमच्याकडं."

"येऊ द्या. तोवर तिला डॉक्टरला दाखवा, चार दिवसांत पाठवते."

फोन बंद होईल असं वाटलं, पण झाला नाही. पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अन् मावशी, डबीत मापं दोन निघतील. दुसऱ्यावर नाव नाही. विचारू नका."