खुशाली विचारून झाल्यावर

सिद्धोधन माझ्या वर्गात होता, पण तो स्वतःहून बोलल्याचं मला एकदाही आठवत नाही. विचारलं तर उत्तर बरोबर यायचं, तेही एका शब्दात. त्याचे वडील सिताराम याच्या अगदी उलट. पेडगावात त्यांच्या दारावरून मुकाट्यानं पुढं जाणं कुणाला जमलं नाही. आधी जयभीम, मग घरची खुशाली, मग लेकी-जावई, लेकरं, म्हैस, शेजारपाजार. हे सगळं झाल्यावर, पाहुणा चहाचा कप खाली ठेवू लागला की, खरं काम निघायचं. आल्या-आल्या कामाचं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी समोरच्या माणसाचा अपमान. त्यांची बायको सुलाबाई म्हणायची, "ह्यांचं बोलणं सरस्तोवर पाव्हण्याची शेवटची गाडी जातीय."

अशा माणसाचं घशाच्या आजारात स्वरयंत्र काढावं लागलं. उजव्या हाताची तीन बोटं तरुणपणीच कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेली, त्यामुळं लेखणी धरता येईना. डाव्या हातानं काढलेली अक्षरं कुणाला लागेनात. मोबाईलवरची बारीक अक्षरं त्यांच्या थरथरत्या बोटाखाली भलतीच उमटत. थोड्याच दिवसांत त्यांनी सगळा प्रयत्न सोडला आणि ते भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागले.

सिद्धोधन तेव्हा परभणीत दुकानांच्या सरकत्या लाल अक्षरांच्या पाट्या बनवायच्या कामावर होता. त्यानं तसलीच एक पाटी आणून वडिलांच्या खाटेमागं, डोक्याच्या वर, भिंतीवर टांगली. समोर बसणाऱ्याला वाचता यावं म्हणून. वडिलांच्या मांडीवर मोठ्या बटणांची पेटी दिली. एका बोटानं दाबत जायचं, पाटीवर शब्द उमटत जायचे. मधला प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला होता, सी भाषेत.

मी कौतुकानं विचारलं तेव्हा तो नेहमीपेक्षा चार वाक्यं जास्त बोलला. सी भाषेत मजकुराला आयतं भांडं नसतं, म्हणाला. अक्षरं एका रांगेत बसवायची आणि रांग संपल्याची खूण शेवटी आपणच ठेवायची. रांगेला जागा किती लागेल तेही आधी सांगायचं. त्यानं चौसष्ट घरांची जागा धरली होती. पण आपल्या लिपीतल्या एकेका चिन्हाला तीन घरं लागतात, काना-मात्रेलासुद्धा. त्यामुळं सितारामांचं "जयभीम गुरुजी, या बसा, चहा" एवढं झालं की पाटी भरायची.

"दादा, थोडक्यात बोला," सिद्धोधन वडिलांना म्हणाला.

दादांनी थोडक्यात बोलून पाहिलं. पाटीवर "पाणी" येई, "ऊन" येई, "बस" येई. मग तेही येईना. सुलाबाई लेकाला म्हणाली, "पाणी मागायला मशीन कशाला पायजे? ते तांब्याकडं बघले तरी मला कळतंय."

ते त्याला फार लागलं. पुढं आठवडाभर रोज परभणीहून आला की तो पेटी उघडून बसायचा. मजकूर वाढेल तशी जागा वाढावी, असं त्यानं आता केलं. अक्षर आलं की आधीपेक्षा मोठी जागा मागून घ्यायची, आधीची सगळी अक्षरं तिथं नेऊन बसवायची, नवं अक्षर जोडायचं. करून झाल्यावर त्यानं स्वतः बोलून बघितलं. "जेवण झालं." "उद्या येतो." "बरं हाय." सगळं नीट उमटलं. त्याच्याकडं बोलायला असायचंच तेवढं.

"दादा, आता पायजे तेवढं बोला," तो म्हणाला.

सितारामांनी पहिल्याच दुपारी मला चहा पाजून, घरची खुशाली तेवढी विचारून, शेवटी लिहिलं, "सुकेशनीशी एक बोलायचं हाय."

सुकेशनी ही सिद्धोधनची थोरली बहीण. दोघंही माझे विद्यार्थी, आणि हुशार ती. तिची बारावी झाली तेव्हा एकालाच पुढं शिकवणं शक्य होतं. सितारामांनी लेकाला पॉलिटेक्निकला घातलं आणि लेकीला जिंतूरला दिलं. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. पण लग्न झाल्यापासून तिनं माहेरी मुक्काम केला नाही. सकाळच्या गाडीनं यायची, भाकरी टाकायची, आईचे केस विंचरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जायची. तिच्यासाठी म्हणून सुलाबाईनं शिवलेली गोधडी दर उन्हाळ्यात नुसती वाळवून परत ठेवली जायची.

निरोप मिळून ती आली तेव्हा सितारामांची तब्येत उतरलेली होती. तरी उशीला टेकून बसले. पेटी मांडीवर घेतली. मी उठू लागलो तर मला हातानंच बसा अशी खूण केली. सिद्धोधन दाराशी उभा होता.

पाटीवर अक्षरं येऊ लागली. बाई, प्रवास बरा झाला का. जावयांची कंबर कशी हाय. पोरांची नावं घेऊन एकेकाचं विचारलं. सासूबाईंचं विचारलं. म्हैस व्याली का, पारडी झाली का रेडा. सुकेशनी हसून एकेक उत्तर देत होती. सितारामांची मान खाली, नजर बटणांवर. एका बोटाचं काम, वेळ लागत होता. चहा येऊन निवला. मग तिच्या शेजारणीची पाळी आली. पाटीवर उमटलं, "कस्तुराबाईचं गुडघं आता कसं."

आणि पाटी तिथंच थांबली.

पाटी कधीकधी जरा मागं राहायची, म्हणून आम्ही वाट पाहिली. सितारामांचं बोट चालूच होतं. आता ते सावकाश दाबत होते, मध्येच थांबून विचार करत होते. एकदा त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा दाबू लागले. त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर तीच कस्तुराबाई, तोच गुडघा. सिद्धोधननं एक पाऊल पुढं टाकलं, हात उचलला आणि परत खाली घेतला. अशा वेळी माणसाला कसं थांबवायचं?

शेवटी बोट थांबलं. सितारामांनी मान वर केली आणि लेकीकडं पाहिलं. पाटी त्यांच्या पाठीमागं. ते उत्तराची वाट पाहत होते.

सुकेशनीनं पाटीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"हो दादा," ती म्हणाली.

त्यांनी दोन बोटांचा तो हात तिच्या डोक्यावर ठेवला, बराच वेळ. मग उशीवर आडवे झाले. इतकं शांत तोंड मी त्यांचं आजारपणात पाहिलं नव्हतं. बाहेर ओसरीवर सिद्धोधन म्हणाला, पुन्हा विचारू का. सुकेशनीनं त्याचं मनगट धरलं. "नको. त्यांना वाटायलंय मला कळलं म्हणून. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

पुढच्या आठवड्यात सिताराम गेले.

चूक सिद्धोधनला त्याच रात्री सापडली होती. मला त्यानं ती नंतर सांगितली, आणि मी ती माझ्या पद्धतीनं समजून घेतली. वर्ग वाढला की मुलांना मोठ्या खोलीत न्यायचं, पण आधीच्या खोलीची किल्लीही परत द्यायची. सी भाषेत ती आपल्यासाठी दुसरं कुणी परत देत नाही. त्यानं प्रत्येक अक्षरासाठी नवी खोली घेतली आणि जुनी एकही सोडली नाही. थोडक्या बोलण्याला ते चालून जाई, आणि रात्री पेटी बंद केली की सगळं मोकळं होई. एवढं लांब बोलल्यावर मात्र खोल्याच संपल्या.

"सगळं आत पडलेलं होतं, गुरुजी," तो म्हणाला. "परतेक अक्षराला आधीच्या सगळ्याची एक नक्कल. गुडघ्यापस्तोरचं. त्याच्या पुढचं कुठंच न्हाई. जुनी जागा सोडायची एक ओळ पायजे होती." मग जरा थांबून म्हणाला, "म्या माझ्यासारखं बोलून बघितलो. दादासारखं बोलून बघायला पायजे होतं."

ती ओळ त्यानं आता घातली आहे. पेटी कितीही बोललं तरी थांबत नाही. मांडीवर घ्यायला कुणी नाही. त्यानं पाट्यांचं काम सोडलं, परभणीत पाण्याच्या जळालेल्या मोटारींना तार भरून देतो. पूर्वी एका शब्दात उत्तर द्यायचा, आता नुसती मान हलवतो.

सितारामांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले होते. माणसं पांगल्यावर सुकेशनी माझ्याजवळ येऊन बसली.

"गुरुजी, तुमी तिथंच होते. म्या हो म्हणले, ते कशाला म्हणले असंल?"

मी भिंतीवरच्या पाटीकडं पाहिलं. सिद्धोधन खाटेशी पाठमोरा उभा होता, तो वळला नाही. आत सुलाबाईनं ट्रंकेतून तिची गोधडी काढून ठेवलेली दिसत होती.

सुकेशनीनं भांडी घासली, आईचे केस विंचरले, आणि संध्याकाळच्या गाडीनं ती जिंतूरला गेली.