तिसऱ्या दरवाज्यातला कॅमेरा

दौंडच्या रेल्वे यार्डात मी सव्वीस वर्षं गाड्या तपासतोय. गाडी उभी राहिली की एका बाजूने चालत जायचं, शेवटच्या डब्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत यायचं. काही खटकलं तर डब्याचा नंबर, जागा आणि दोष लिहायचा. काहीच खटकलं नाही तर एक शब्द लिहायचा, फिट. कागदावर कशाचं कौतुक करायची सवय मला त्यामुळे लागलीच नाही. घरातल्या याद्याही माझ्याकडेच असतात. म्हणून गेल्या वर्षी लेकीने मदत मागितली तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम.

तिने कॉम्प्युटरचं शिक्षण पूर्ण केलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरा अर्ज पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत, टेस्टरच्या जागेसाठी होता. कंपनीने तिला आपला अर्धामुर्धा तयार झालेला गेम दिला आणि आठ दिवसांत अहवाल मागितला. यात चांगलं काय, वाईट काय आणि का, एवढंच सांगायचं. शनिवारी पाचच्या आत पाठवायचा, त्यावरून नोकरी ठरणार. घरच्यांना दाखवलं तर चालेल का, हेही तिने आधीच विचारून घेतलं होतं. हा गुण माझा.

गेम असा होता. एक जासूद बाई किल्ल्याच्या सात दरवाज्यांतून एक पत्र घेऊन निघते आणि दर दरवाज्यावर पहारेकऱ्यांशी लढते. सगळं चित्र शाईने काढल्यासारखं काळंपांढरं. लाल फक्त तिचा शेला. तलवार उगारली की सगळं मंद व्हायचं आणि कॅमेरा सिनेमातल्यासारखा खाली जमिनीलगत उतरायचा.

सकाळची ड्यूटी संपवून दुपारी मी खेळायला बसलो. दोन दिवसांत माझ्या डायरीत एक्केचाळीस दोष जमले.

"पप्पा, तुम्ही लढतच नाही," लेक म्हणाली.

"लढायचं कशाला? मी तपासतोय."

मी त्या बाईला डाव्या भिंतीला धरून शेवटपर्यंत चालवत नेलं होतं आणि उजव्या भिंतीने परत आणलं होतं. दुसऱ्या दरवाज्याजवळ ती भिंतीतून आरपार गेली. एका पायरीवर तिचा पाय चार बोटं अधांतरी राहिला. एक पहारेकरी मेल्यावरही डोकं खाजवत होता. दरवाजा, जागा, दोष असं सगळं मी नीट मांडलं होतं.

माझे वडील त्या आठवड्यात मांडवगण फराट्याहून आमच्याकडे आले होते. आबांनी आयुष्यभर ऊस केला. टीव्हीवर बातम्यांपलीकडे ते काही बघत नाहीत. पण चहाचा कप हातात घेऊन ते आमच्या मागे उभे राहिले.

"ही बाय कुठं चाललीया एवढी पळत?"

"पत्र द्यायला, आबा."

"आन् वारं कुठनं हाय?"

लेकीने मान वळवली. "कसलं वारं?"

"आगं, ह्या गवताकडं बघ की. सगळं डावीकडं लवलंय. आन् हिचा शेला उजवीकडं उडतोय. एका शिवारात दोन वारी कशी? म्यां उसाचं शेंडं बघण्यात जल्म घालवला, मला शिकवू नगं."

आम्ही दोघांनी पाहिलं. खरंच होतं. दोन दिवस भिंती चाचपणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. बेचाळिसावा दोष आबांच्या नावावर गेला आणि ते रात्रीच्या जेवणापर्यंत खुशीत होते.

गुरुवारी लेकीने माझी यादी हातात घेतली आणि लाल पेनने खोडायला सुरुवात केली. मी बघतच राहिलो.

"अगं, हे खरे दोष आहेत."

"खरे आहेत पप्पा, पण सारखे नाहीत. पाय अधांतरी आहे म्हणून कोणी गेम बंद करणार नाही. आणि हे वाचून मला सांगा, हा गेम कुणाला खेळावासा वाटेल?"

"ते माझं काम नाही."

"माझं आहे. त्यांनी काय चांगलं आहे हेसुद्धा विचारलंय. तुम्ही त्यात काय लिहाल?"

मी विचार केला आणि म्हणालो, "चित्र चांगलं आहे."

ती हसली नाही. तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला, मला पहिल्या दरवाज्यावर उभं केलं आणि खरोखर लढायला लावलं. चार वेळा मेलो. पाचव्यांदा वार बरोबर बसला. त्याआधी क्षणभर सगळा आवाज बंद झाला. पावलं नाहीत, ढोल नाही, काही नाही. मग एकदम पोलादाचा आवाज आला आणि माझा अंगठा नकळत घट्ट दाबला गेला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"श्वास थांबला होता."

"हं. ते लिहायचं. चित्र चांगलं आहे असं नाही. आवाज काढून घेतल्यामुळे वाराला वजन येतं, असं. आणि सगळं काळंपांढरं आहे म्हणून शंभर माणसांच्या गर्दीतही आपण कुठे आहोत ते शेल्यामुळे कळतं. ते नुसतं सुंदर नाही, उपयोगाचं आहे."

एवढी वर्षं मी 'फिट' लिहीत आलो, पण एखादी गोष्ट फिट का आहे हे मला कधी सांगावं लागलं नव्हतं. माझ्यासमोर बसलेली मुलगी ते दोन वाक्यांत सांगत होती. मी डायरी बंद केली आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठलो.

शनिवारी दुपारपर्यंत अहवाल तयार झाला. माझ्या एक्केचाळीसपैकी सहा दोष उरले होते, आबांचं वारं धरून सात. पण सगळ्यांत वर तिने स्वतःचा एक घातला होता. तिसऱ्या दरवाज्यावर चार पहारेकरी घेरतात. नेमका तेव्हा कॅमेरा सुंदर चित्रासाठी खाली उतरतो आणि मागचा पहारेकरी पडद्याबाहेर जातो. त्याचा भाला लागतो तो न दिसताच. तिने तिथे तीस वेळा खेळून पाहिलं होतं. एकोणीस वेळा ती न दिसलेल्या माणसाकडून मेली होती. खाली वाक्य होतं : 'या गेमची सर्वांत मोठी शोभा हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.'

कंपनीच्या जाहिरातीत तोच कॅमेरा होता.

"हे वर नको ठेवू," मी म्हणालो. "खाली कुठेतरी टाक. जागा त्यांच्या हातात आहे."

"पप्पा, एक विचारू? डबा खराब निघाला तर तो गाडीतून कापून बाजूला काढताना तुम्ही बघता का, गाडी कुठल्या साहेबाची आहे ते?"

"गाडीत माणसं असतात. इथे गेम आहे."

"काम तेच आहे ना?"

आबा कॉटवर पडून ऐकत होते. "आता बोल," ते मला म्हणाले. "गप बसलास व्हय?"

चार वाजून चाळीस मिनिटांनी तिने अहवाल पाठवला. कॅमेरा पहिल्या क्रमांकावरच होता. तिसरा नकार आला तर तिला काय सांगायचं, याची यादी मी मनात करायला लागलो आणि दुसऱ्या मुद्द्यापुढे काही सुचेना.

मंगळवारी दुपारी फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"तुम्ही ज्याला सर्वांत मोठा दोष म्हटलंय," पलीकडचा माणूस म्हणाला, "तो कॅमेरा मी केलाय."

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो सर."

"तुमचा हात बसला नसेल."

"पहिल्या दहा वेळी मलाही तसंच वाटलं, सर. म्हणून आणखी वीस वेळा खेळले. रेकॉर्डिंग जोडलंय."

"मग काय, काढून टाकायचा तो कॅमेरा?"

"नाही सर! लोक तोच बघायला येतील. फक्त मागचा माणूस भाला उचलेल तेव्हा त्याची सावली पुढे जमिनीवर पडू द्या. कॅमेरा खालीच आहे, सावली बरोबर दिसेल. चित्रही मोडणार नाही."

पलीकडे कीबोर्डवर काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

"हे अहवालात का नाही लिहिलं?"

"तुम्ही दोष विचारला होता, सर. उपाय विचारला नव्हता."

तो माणूस हसला. मग म्हणाला, "सोमवारपासून कामाला याल?"

दुसऱ्या दिवशी यार्डात चहाच्या वेळी एकाने विचारलं, मुलगी दिवसभर गेम खेळणार म्हणजे नक्की करणार काय? मी बाकावरचे चार भरलेले ग्लास उचलले आणि चौकोनात मांडले. मधे माझं पेन उभं धरलं.

"ही ती बाई. हे चार पहारेकरी. आता कॅमेरा इथून असा खाली येतो..."

"साहेब, चहा गार होतोय."

"होऊ दे," म्हटलं. "आधी हे बघ, भाला कुठून येतो."