एका दोऱ्याचा राघू

वहिनी गेल्याची बातमी मला शाळेच्या फाटकाशी कळली. आमच्या गावचा, आंजीचा, एक ओळखीचा माणूस सायकल धरून उभा होता, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला काय ते समजलं. गावाकडची माणसं चांगली बातमी घेऊन वर्ध्यापर्यंत सायकल हाणत येत नाहीत. धक्का बसला असं म्हणणार नाही. पोटातल्या गाठीनं तिला वर्षभर पोखरलं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि आधीच्या रविवारी मी पाहून आले तेव्हा खाटेवर वहिनी कमी आणि गोधडीच जास्त दिसत होती. त्या दिवशी तिनं माझ्या भावाला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, लेकीला शेजारी धाडलं आणि माझं मनगट धरून म्हणाली, "ताई, मी गेल्यावर तो राघू उसवजा. देवकाची चिंधी देवकाले देऊन टाकजा." मी म्हटलं, आत्ताच उसवते की, कुठे ठेवलायस? तिनं मान हलवली. "नाई. मी हाय तवरोक नाई..." मग डोळे मिटून पडून राहिली.

हा राघू म्हणजे कापडाचं, पोटात कापूस भरलेलं वीतभर पाखरू. तान्ह्या लेकराच्या झोळीवर बांधायचं, तसलं. त्याच्यापायी एका गल्लीतल्या दोन बायका दहा-बारा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

विमलवहिनी जामजवळच्या एका खेड्यातून आमच्या घरी आली तेव्हा मी मास्तरकीचं शिक्षण घेत होते. वयानं ती माझ्याहून थोडीच मोठी, रंगानं सावळी, जिभेनं तिखट. सुईत दोरा ओवताना ती सुईकडे पाहायचीसुद्धा नाही. शेजारणीशी बोलता बोलता ओवून मोकळी व्हायची. मला स्वयंपाकात गती नव्हती, त्यावरून तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आमच्या मास्तरीणबाईले भाकर थापता येत नाई, पन भाकरीवर निबंध लिहून देतीन." मी चिडायचे आणि तिला तेच हवं असायचं. मग तिचा पहिला मुलगा महिन्याचा होऊन गेला. दुसरा रडलाच नाही. त्यानंतर तिनं मला चिडवणं सोडलं. गल्लीतल्या बायका मात्र बोलायला लागल्या, तिला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात. मला तेव्हा त्या बायकांच्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटायचं.

तिसऱ्या वेळी आमच्या मायनं, म्हणजे वहिनीच्या सासूनं, सूत्रं हातात घेतली. ज्या घरी लेकरं जगत नाहीत तिथल्या पुढच्या लेकराला घरचं म्हणून काही लावायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. कपडा मागून आणलेला, नावसुद्धा मागून आणल्यासारखं. आणि झोळीवर राघू बांधायचा तो पाच घरच्या चिंध्यांचा. घरं अशी निवडायची, जिथं लेकरं धडधाकट आहेत. चिंधी त्या लेकरांच्या अंगावरच्या कपड्याची हवी. मरण झोळीशी आलंच तर त्याला पाच घरचे वास येतात आणि हे लेकरू कोणाचं ते कळत नाही, असं माय सांगायची. शिवायचं तेही एकाच दोऱ्यानं. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत दोरा तोडायचा नाही, मध्ये जोडायचा नाही. तो दोरा म्हणजेच लेकराचं आयुष्य. मी नवी नवी शिकलेली होते, म्हणजे माणसाची सगळ्यात वाईट अवस्था. मी हसले. वहिनी हसली नाही.

चिंध्या मागायला माय मला सोबत घेऊन फिरली. मागणारीला लाज नव्हती, पण देणारीला भीती होती. आपल्या जित्या लेकराचा कपडा मेलेल्या लेकरांच्या घरी कोण देणार? एकीनं सांगितलं, फाटकं काहीच नाही. दुसरीनं नवऱ्याच्या धोतराचा तुकडा लेकराचा म्हणून पुढे केला. मायनं तो ओळखला आणि तिच्याच ओसरीवर टाकून दिला. शेवटी गल्लीच्या टोकाला देवकाचं घर होतं. देवका आणि वहिनी रोज पाण्याला सोबत जायच्या. एकीची घागर दुसरी डोक्यावर चढवून द्यायची, असं त्यांचं होतं. देवकाला एकुलता एक गज्या, तीन वर्षांचा, गुटगुटीत. तिनं दोरीवर वाळत असलेला त्याचा निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा शर्ट ओढला आणि आमच्यादेखत त्याची बाही टर्रकन फाडली. "घ्या वो माय. माह्या गज्याले काई होत नाई. म्हशीवानी चरते तो." देवकानं दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही द्यावं लागलं.

मुलगी झाली. पाचवी पुजल्यावर वहिनी बाळंतिणीच्या खोलीतच शिवायला बसली. जुन्या वर्तमानपत्रावर तिनं कोळशानं राघूचा आकार काढला, तो कापून चिंध्यांवर ठेवला. दोन बाजूंच्या दोन चिंध्या, पोटाखालची पट्टी, शेपटी... आणि देवकाच्या बाहीचे दोन्ही पंख. दोरा एवढा लांब घेतलेला, की प्रत्येक टाक्याला तिचा हात पार खाटेच्या बाहेर जायचा. दोरा गुंतायचा. दुसरं कोणी असतं तर दातानं तोडून मोकळं झालं असतं. वहिनी तो गुंता मांडीवर घेऊन नखानं सोडवत बसायची, घामाघूम होऊन, ओठ आवळून. मग उलटं शिवलेलं सुलटं केलं. कापूस तेवढा आमच्याच शेतातला, कोणाच्या अंगाला लागलेला नाही म्हणून मायनं चालवून घेतलेला. एक एक सरकी तिनं बोटांनी चाचपून काढली, कारण सरकी राहिली तर उंदीर पाखरू फाडतो. तुराटीच्या काडीनं तिनं तो कापूस चोचीपर्यंत दाबून बसवला. पोट शेवटी शिवलं. शेवटचा टाका घालून तिनं सुई काढली तेव्हा ती रडली, आणि माय तिच्यावर खेकसली. मुलीचं नाव भिकी ठेवलं.

भिकी जगली. उभी राहिली, चालायला लागली. आणि त्या उन्हाळ्यात गावात गोवर आला. भिकीला आला नि उतरला. गज्याचा उलटला. जो म्हशीवानी चरायचा तो चार दिवसांत गेला. रिवाजाप्रमाणे घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याला पुरलं आणि त्याचे कपडे, टोपरी, होतं नव्हतं ते सगळं धाम नदीच्या पाण्यात सोडून आले. देवकाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी देवका आमच्या दारात आली. मी सुट्टीला घरी होते. आधी ती वाईट बोलली. माह्या पोराचं आयुष्य तुमी शिवून घेतलं, म्हणाली. गल्ली गोळा झाली. वहिनी भिकीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. मग देवकाचा आवाजच बसला. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "तुही पोरगी शंभर वर्सं जगो वं विमल. मले फक्त ते निळं दे. माह्यापाशी त्याचं कायबी नाई राह्यलं... वासाले बी नाई." वहिनी म्हणाली, "एकच दोरा हाय, देवका. कसा तोडू?" आणि तिनं दार लावून घेतलं. बाहेरून देवकाचं रडणं कितीतरी वेळ ऐकू येत राहिलं.

मी वहिनीवर तुटून पडले. म्हटलं, बाई, चिंधी आहे ती. पंख काप, दुसरा लाव, दोन मिनिटांचं काम. चिंधीनं गोवर येत नाही आणि चिंधीनं जातही नाही. ती भिकीला थोपटत होती. थोपटता थोपटताच म्हणाली, "तुमाले पुस्तक आठवते, ताई. मले दोन खड्डे आठवते."  त्यानंतर राघू झोळीवरून उतरला आणि कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेला.

त्यानंतरची वहिनी प्रेमानं आठवावी अशी नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं अशी रीत आहे, पण मला ते जमणार नाही. तिनं पुन्हा सुई धरली नाही. फाटलेलं पोलकं माय शिवायची, माय गेल्यावर वहिनीनं तसंच फाटकं घातलं. देवका समोरून आली की ती रिकामी घागर घेऊन परत फिरायची. भिकीला तिनं झाडावर चढू दिलं नाही, नदीवर जाऊ दिलं नाही. शाळेची सहल पवनारला निघाली, एवढंसं अंतर, तर पोरगी नवा फ्रॉक घालून घरात बसून रडली. मी भांडले. "तुमी शिकवा शाळेत, माह्या घरी नका शिकवू," हे ऐकून वर्ध्याला परत आले. मुलगी जगवायच्या नादात ती मुलीला जगू देत नव्हती, हे तिला दिसत नव्हतं की दिसूनही थांबता येत नव्हतं, कोणास ठाऊक. मला तिचा राग यायचा. आजही येतो. आणि ती नसलेलं ते घर मला खायला उठतं.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ वावरात गेल्यावर मी ट्रंक उघडली. राघू होता. झोळीवरचे उन्हातले दिवस अंगावर वागवून सगळा मळकट, एकाच रंगाचा झालेला. मी देवकाला बोलावणं पाठवलं. ती आली. केस पार पांढरे, उंबऱ्याशी घुटमळली, मग आत येऊन भिंतीला टेकून बसली. वहिनी काय सांगून गेली ते मी तिला सांगितलं.  मी राघू उताणा केला, पोटावरचा शेवटचा टाका शोधला, कैचीचं टोक दोऱ्याखाली घातलं. मागच्या अंगणात भिकी भांडी घासत होती. तेवढ्यात ती खोकली. साधा खोकला, राखेचा... आणि माझा हात थांबला. मी शाळेत विज्ञान शिकवते. गोवर कशानं होतो ते फळ्यावर लिहून सांगते. मी स्वतःला बजावलं, काप. बोटं मिटेनात. वहिनीला बोललेलं सगळं मला त्या क्षणी आठवलं, आणि कैची घामानं ओली झाली.

देवका माझ्या हाताकडे पाहत होती. म्हणाली, "राहू द्या, मास्तरीणबाई. ते बी अशीच बसलती."

"कोण?"

"विमल. गज्याले जाऊन वर्स झालं तवा आलती माह्या घरी. राघू घेऊन, कैची घेऊन. कोनाले सांगतलं नसन तिनं. म्हने माह्यानं होत नाई, तूच काप. मी कैची घेतली हाती. निळं दिसून राह्यलं व्हतं मले... पन तिनं डोळे मिटले अन् पोरीचं नाव घेत बसली, भिकी, भिकी, भिकी. म्हटलं, घरी ने बाई. एकीचं तरी राहू दे."

"मग बोलणं काऊन बंद ठेवलं?" गावची बोली माझ्या तोंडी आपोआप आली.

"काय बोलाव? तिले माह्यापुढं पोरगी घेऊन उभं राह्याची लाज वाटे. अन् मले ते पोरगी पाह्यली का..." तिनं पुढचं गिळलं.

म्हणजे देवकानं ते निळं केव्हाच सोडून दिलं होतं. वहिनीलाच ते मनातून सोडता आलं नव्हतं. मी कैची खाली ठेवली आणि राघू देवकाच्या मांडीवर दिला. तिनं हळूच डावा पंख उचलला. पंखाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं, निळा रंग निळाच होता आणि पांढरे ठिपकेही होते. तिनं त्यावर अंगठा ठेवला. ती रडली नाही, मी रडले. भिकी ओल्या हातांनी आत आली, चहा मांडू का म्हणून विचारायला. देवकानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जवळ बोलावलं आणि राघू तिच्या हातात दिला. "तुहा हाय हा. पेटीत नको ठेवजो. खिडकीले बांध, येता-जाता दिसन मले."

वहिनीची खाट होती त्या खिडकीच्या गजाला भिकीनं तो बांधला आहे. देवका रोज थांबत नाही, भिकी सांगते. थांबते तेव्हा गजांतून हात आत घालते, पंख उचलून पाहते आणि जाते.