टाकीला हाताची पाठ

स्टोव्हात रॉकेल भरायला किती अक्कल लागते? सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या माझ्या वडिलांकडं, दादांकडं, ती होती. लातूरच्या क्लासमधल्या आम्हा हुशार पोरींकडं नव्हती. याचा संताप अजून गेलेला नाही.

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या आमच्या गावाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. शेडला शेड चिकटून, प्रत्येकीत वातीचा स्टोव्ह. एका बाईनं पेटत्या स्टोव्हात तेल ओतलं आणि तिची शेड जळाली. त्या दिवसापासून दादांनी आमच्या ओळीला कायदाच लावला. "आधी इझवायचा. उघड्यावर आणायचा. मंग टाकीला हाताची पाठ लावायची. गार लागली तरच नरसाळं लावायचं. काठोकाठ भरायचं न्हाई. सांडलेलं पुसायचं, कॅन लांब ठिवायचा, मंग काडी." बायका हसायच्या, "आला बघा इस्टूचा तहसीलदार!" दादाही हसायचे, पण टाकी तपासल्याबिगर पुढं सरकायचे नाहीत.

दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मी लातूरला आले. मुदखेडच्या एका मास्तरांची मुलगी आणि मी, दोघींत एक खोली. दुपारच्या दोन क्लासेसमध्ये पाऊण तास मिळायचा, त्यातच रांधायचं आणि खायचं. ठोक्याला सर दाराला आतून कडी लावत. उशीर झाला की व्हरांड्यात उभं राहायचं, आणि तीनदा झाला की घरी पत्र. ते पत्र दादांना कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. मला त्याचीच धास्ती होती.

त्या दुपारी खिचडी अर्धी कच्ची असताना वाती फडफडायला लागल्या. टाकी रिकामी.

मी म्हणलं, "इझव. गार होऊ दे."

"गार व्हायची वाट बघत बसलो तर खिचडीबी गेली नि क्लासबी गेला. नरसाळं धर."

"दादा म्हणतेत—"

"तुझे दादा फिजिक्स शिकवतेत का?"

त्याच सकाळी आम्ही दोघींनी वाफेच्या दाबाची गणितं सोडवली होती. सगळी बरोबर. मी घड्याळाकडं बघितलं आणि नरसाळं धरलं.

भक्कन जाळ वर आला. तिच्या ओढणीनं पेट घेतला, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी गोधडी टाकून दाबून धरलं. किंकाळी ऐकून घरमालकीण वर आल्या. आधी भिंत बघितली, मग पोरगी. "नवा डिस्टेंपर काळा केलात की गं!" दवाखान्यात सरांचा निरोप आला, परीक्षा जवळ आहे, एकीनं तरी क्लास बुडवू नये. एकीनं तरी! जणू दुसरी हिशेबातून गेलीच.

दुसऱ्या दिवशी दादा जीपनं आले. तिच्या उशाशी उभं राहून त्यांनी मला एकच विचारलं, "टाकी गार होती का?"

"हाव," मी म्हणलं. आयुष्यात त्यांच्याशी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

खाटेवरून ती म्हणाली, "न्हाई मामा, तापलेली होती. ही नको म्हणून राहिली होती. दार लागंल म्हणून मीच ओतलं."

"नरसाळं कुणी धरलं?"

"मी," मी म्हणलं.

दादा खाली फरशीवर बसले. "जमीन हालली तवा न्हाई भिलीस," ते म्हणाले, "आन् दाराला भिलीस?"

तिची बोटं वळेनात. त्या वर्षी तिला परीक्षा देता आली नाही, आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी देऊ दिली नाही. मी दिली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे, आणि ते मी छाती पुढं काढून सांगते. पण माझ्याहून दोन मार्क जास्तच घेणारी ती पोरगी त्या कडीपायी घरी बसली.

आता मी कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गाचं दार मी लावत नाही, लावू देत नाही. कुणी अर्ध्या तासानं धापा टाकत आलं तरी म्हणते, बस. यानं शिस्त बिघडते, असं स्टाफरूममध्ये मला ऐकवतात.

बिघडू द्या.