ट्रायल मी घेतो

मंडळी, आज सकाळी नातवाच्या गाडीचे ब्रेक नीट करायले अमरावतीच्या एका गॅरेजात गेलो होतो. काम झाल्यावर मालक मेकॅनिकले म्हणाला, "काम तू केलं, ट्रायलही तूच घे. बस स्टेअरिंगवर."

एकोणीसशे साठच्या सुमारास माह्या अकोल्याच्या गॅरेजात हाच नियम होता. म्याच केला होता आन् म्याच मोडला.

दौलत माहा मेकॅनिक. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगे. दोन दिवस खपून त्यानं दर्यापूरच्या एका पाटलाची जीप चालू केली. ट्रायलसाठी तो स्टेअरिंगवर बसला, तर पाटील मले बाजूले घेऊन म्हणाले, "हा बौद्ध झालेल्यांतला ना? माह्या सीटवर नोको."

गिऱ्हाईक तुटीन म्हणून म्या दौलतले म्हटलं, "तू उतर. ट्रायल मी घेतो."

तो उतरला. हात पुसत येवढंच बोलला, "मालक, दोन दिवस मी ह्याच जीपखाली पडून होतो. तवा कोणी काही म्हटलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मलेही त्याच्या घरी जायची हिंमत झाली नाही.

आज मेकॅनिकनं समोरचं दार उघडून म्हटलं, "या बाबा, बसा." म्या म्हटलं, "नाही बापू, मी मागं बसतो."

नव्वदीले टेकल्यावर मागच्या सीटवर बसून दौलतचं काही फिटते का हो? तुमीच सांगा.